प्रतिसृष्टीचे टिकणे : 'अर्थसी'च्या निमित्ताने

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील विश्वामित्राच्या प्रतिसृष्टीची कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. तिचा शेवट मात्र सहसा कोणी ध्यानात ठेवीत नाही. त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठविण्याचा खटाटोप इंद्राने हाणून पाडल्यावर विश्वामित्राने दक्षिण दिशेला नवे सप्तर्षी निर्माण केले, नवी नक्षत्रमाला रचली, आणि नवा इंद्रही घडविण्याच्या बेतात तो होता. तेव्हा देव भयभीत होऊन त्याच्याकडे आले आणि तडजोड झाली. जी नक्षत्रे निर्माण झाली ती लोक असेतोवर राहतील, त्रिशंकू खाली डोके वर पाय अशा अवस्थेत त्यांच्यात तळपत राहील. पण पुढची निर्मिती येथेच थांबेल. प्रतिसृष्टीला चिरस्थायित्व मिळाले ते तिच्या वाढीच्या मोबदल्यात. हा सौदा विश्वामित्राला फायद्याचा पडला की देवांना, याचा निवाडा रामायणाने केलेला नाही.

साहित्यातील कल्पित विश्वाला 'प्रतिसृष्टी' म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे, पण ती बहुधा गौरवार्थ पाळली जाते. त्या शब्दातील ईर्ष्येचा आणि धोक्याचा भाग त्यामुळे गळून पडतो. ज्या लेखनप्रकाराला हा शब्द अक्षरशः लागू पडावा तो म्हणजे विसाव्या शतकात इंग्रजीत बहरलेली मालिकारूप अद्भुतकथा. जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथेविषयी जे व्याख्यान दिले त्यात, कथाकार एक दुय्यम विश्व उभे करतो, वाचकाचे मन त्यात प्रवेश करते आणि आत असेतोवर त्या विश्वाच्या नियमांना धरून जे घडते ते त्याला खरे वाटते, अशी मांडणी आहे. अशा विश्वाला स्वतःचा भूगोल, कालगणना, भाषा आणि वंशावळी असतात. ते एका ग्रंथात सामावत नाही. 'रणांगण' टिकेल काय असे विचारताना समीक्षक त्या कादंबरीच्या वाङ्मयीन मूल्याविषयी विचारीत असतो. चक्रधर विध्वंस ज्या बोटीतून प्रवास करतो ती बोट टिकेल काय, असे कोणी विचारीत नाही. मालिकेच्या बाबतीत मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. कथेतील जग नष्ट होण्याच्या बेतात असते, आणि त्याच वेळी त्या जगाचा कर्ता म्हातारा होत असतो.

हा गुंता सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो उर्सुला के. ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेत. (मराठी कानाला या नावात 'अर्थ' हा शब्द ऐकू येतो तो निव्वळ योगायोग, पण पुढील विवेचन वाचताना तो योगायोग विसरण्याची घाई करू नये.) ले ग्विन यांचा जन्म १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा क्रोबर लेखिका. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषा आणि कथा हा त्या घरातील रोजचा विषय होता. एखादे जग संपते म्हणजे काय होते, त्या जगाची भाषा बोलणारा शेवटचा माणूस गेल्यावर काय उरते, हे प्रश्न त्या घराला पुस्तकी नव्हते. याना लोकांच्या याही शाखेतील एकटा उरलेल्या इशीची हकिगत थिओडोरा क्रोबर यांनी १९६१ मध्ये ग्रंथरूपाने लिहिली. सात वर्षांनी, १९६८ मध्ये, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' (१९७१) व 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) आले आणि त्रयी पूर्ण झाली असे सर्वांनी मानले.

अर्थसी हा द्वीपसमूह आहे. सेगोय नावाच्या आदिशक्तीने समुद्राच्या तळातून एकेक बेट नाव उच्चारून वर काढले, आणि ज्या भाषेत ती नावे उच्चारली गेली तीच भाषा ड्रॅगन आजही बोलतात. माणसांना ती शिकावी लागते. प्रत्येक वस्तूचे, प्राण्याचे, माणसाचे त्या भाषेत एक खरे नाव असते; ते जाणणाऱ्याला त्या वस्तूवर सत्ता मिळते. म्हणून माणसे खरे नाव लपवितात आणि व्यवहारासाठी दुसरे धारण करतात. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा व्यवहारात स्पॅरोहॉक म्हणून ओळखला जातो, आपल्याकडच्या शिक्र्याच्या जातकुळीतला तो पक्षी; त्याचे खरे नाव गेड. रोक बेटावरील विद्यापीठात तो नामविद्या शिकतो, गर्वाने मृतात्म्याला पाचारण करतो, आणि त्या फटीतून जी छाया बाहेर येते तिच्यापासून प्रथम पळतो व नंतर तिचाच पाठलाग करतो. अखेर तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

नाम आणि रूप यांच्या संबंधाची चर्चा भारतीय परंपरेतही आहे, आणि नामाचे सामर्थ्य हा तर मराठी संतवाङ्मयाचा कणाच होय. परंतु तेवढ्यावरून अर्थसीला आपल्या ओळखीच्या चौकटीत बसविणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. संतांचे नाम मुक्तीकडे नेते. अर्थसीतील नाम वस्तूला तिच्या जागी धरून ठेवते. तेथे समतोल हे मूल्य आहे, आणि त्याचा उगम ताओ विचारात शोधावा लागतो. ले ग्विन यांनी १९९७ मध्ये लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'ची स्वतःची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध केली, यावरून त्या ग्रंथाशी त्यांचा संबंध किती निकटचा होता हे कळते.

केवळ भाषेवर उभे राहिलेले जग भाषा आटली तर कोसळणार, हे उघड आहे. 'द फार्देस्ट शोअर'चा विषय हाच. सीमेवरच्या बेटांवरून वार्ता येतात की मंत्र चालेनासे झाले. लॉर्बानेरी हे रेशमाच्या रंगाऱ्यांचे बेट. तेथे रंगाऱ्यांची कला हरपली आहे आणि ती कोणाला कधी येत होती यावरही कोणाचा विश्वास उरलेला नाही. उघड्या समुद्रावर तराफ्यांवर राहणारे लोक वर्षातील सर्वांत छोट्या रात्री परंपरेने नाचतात, गातात. त्या रात्री गाणाऱ्यांना गीत आठवेनासे होते. अद्भुतकथेत जग बुडण्याचे संकट सामान्यतः सैन्यांच्या, आगीच्या, काळोखाच्या रूपाने येते. येथे ते विस्मरणाच्या रूपाने येते. कोणी मारले जात नाही, फक्त रंग जातो, मग शब्द जातो, आणि गेले त्याची खंतही जाते. ज्या समाजात एखादी बोली दोन पिढ्यांत घरातून नाहीशी होते, तेथील वाचकाला हे वर्णन अद्भुत वाटण्याचे कारण नाही.

या क्षयाचे मूळ कॉब नावाच्या मांत्रिकात असते. मृत्यूच्या भयाने त्याने जीवन आणि मरण यांच्यामधले दार उघडे करून ठेवलेले असते. अमर होण्याच्या त्याच्या लोभातून जगाचे सत्त्व त्या दारातून गळते आहे. गेड ते दार बंद करतो आणि त्या कामी आपली सारी विद्या खर्चून बसतो. जग टिकते, ते टिकविणारा सामान्य माणूस होतो. १९७३ मध्ये या पुस्तकाला बालसाहित्यासाठीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मालिका येथे थांबली असती तर अर्थसीचे स्थान निश्चित होते: सुबक, समतोल, अभ्यासक्रमात लावण्याजोगी त्रयी.

पुढे अठरा वर्षे गेली आणि १९९० मध्ये 'तेहानू' आले. तिला 'अर्थसीचे अखेरचे पुस्तक' असे उपशीर्षक होते, ते पुढे खरे ठरले नाही. परंतु त्या पुस्तकाने जे केले त्याला अनेक वाचक तेव्हाही तयार नव्हते आणि आजही सर्वजण तयार नाहीत. दुसऱ्या पुस्तकातील पुजारीण तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. आगीत टाकून दिलेल्या, चेहऱ्याची एक बाजू जळालेल्या मुलीला तिने जवळ केले आहे. गेड परत येतो तो विद्याहीन, शरमलेला, पुन्हा शेळ्या राखणारा. अर्ध्याहून अधिक कादंबरी स्वयंपाकघर, ताटल्या, शेळ्या आणि बागेतल्या कामात जाते. तेनारचा तरुण मुलगा घरी येतो आणि ताट उचलायला तयार होत नाही. आपण याला वाढविण्यात कोठे चुकलो, असे तिला वाटते. जगाच्या सर्वश्रेष्ठ जादूगाराची कथा ज्यांनी आवडीने वाचली त्यांना हे वाचायचे नव्हते. लेखिकेने आपले विचार आपल्याच विश्वावर लादले, स्त्रीवादी भूमिकेसाठी जुन्या पुस्तकांचा मोड केला, अशी टीका झाली.

ही टीका तपासून पाहण्यासारखी आहे, कारण कल्पित विश्व टिकणे म्हणजे काय याविषयीचे एक गृहीतक तिच्या पोटात आहे. ते असे: विश्व एकदा घडले की त्याचे रक्षण करावयाचे असते, आणि कर्त्यालाही त्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार मर्यादित असतो. परंतु 'तेहानू'ने जुन्या पुस्तकांतील कोणती वस्तुस्थिती बदलली? नकाशावरचे एकही बेट हलले नाही. रोकच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही, हे पहिल्याच पुस्तकात होते. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते अशा अर्थाची म्हण गाँट बेटावर प्रचलित आहे, हेही पहिल्याच पुस्तकात होते. ज्या विश्वाचा मूलमंत्र समतोल आहे, तेथे अर्ध्या मनुष्यजातीला तराजूच्या कोणत्याच पारड्यात जागा नाही, ही विसंगती १९६८ पासून तेथे पडून होती. १९९० मध्ये लेखिकेने ती फक्त ओट्याजवळ उभे राहून पाहिली. जुन्या त्रयीत दृष्टी जहाजाच्या डोलकाठीवरून होती. 'तेहानू'त ती घराच्या उंबऱ्यावरून आहे. एवढ्या बदलाने जे विश्व मोडत नाही, उलट ज्याची आधी न दिसलेली खोली दिसू लागते, तेच टिकाऊ म्हणावे लागेल. जे मोडले असते ते मुळात चित्राच्या पडद्याइतकेच जाड होते असे ठरले असते.

याचा अर्थ 'तेहानू' निर्दोष आहे असा नव्हे. ॲस्पेन हा खलपुरुष स्त्रीद्वेषाची निव्वळ मूर्ती झाला आहे. त्याला कॉबच्या पासंगालाही लावता येत नाही. कॉबचे भय वाचकाला स्वतःत सापडते, ॲस्पेनचा द्वेष वाचक दुसऱ्यावर ढकलून मोकळा होतो. शेवटी कॅलेसिन हा ड्रॅगन आकाशातून उतरून संकट निवारतो, तेही घाईचे वाटते. पण हे दोष कथनाचे आहेत, विश्वाचे नव्हेत. या दोहोंतला भेद मालिकावाङ्मयाच्या समीक्षेत काटेकोरपणे राखला जात नाही, आणि त्यातून बरेच निरर्थक वाद होतात.

खरा निर्णायक ग्रंथ 'द अदर विंड' (२००१) होय. त्याच वर्षी आलेल्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी' या कथासंग्रहाने त्याची भूमी तयार केली होती. आल्डर नावाचा भांडी सांधणारा एक साधा मांत्रिक. त्याची पत्नी वारली आहे आणि रोज रात्री स्वप्नात तो एका दगडी भिंतीपाशी जातो. भिंतीपलीकडे मृतांचा प्रदेश आहे. पहिल्या पुस्तकापासून हा प्रदेश वाचकाच्या परिचयाचा: तेथे वारा नाही, पाणी नाही, तारे हलत नाहीत, प्रेमासाठी ज्यांनी प्राण दिले ते प्रेमिकही तेथे एकमेकांना ओलांडून जातात. आजवर वाचकाने आणि बहुधा लेखिकेनेही हा प्रदेश अर्थसीची निसर्गदत्त वस्तुस्थिती म्हणून स्वीकारला होता. आता पलीकडचे मृत आल्डरला विनवतात की, आम्हाला सोडवा. कादंबरी पुढे जाते तसे उलगडते की तो प्रदेश निसर्गाचा नव्हेच. फार प्राचीन काळी माणसे आणि ड्रॅगन वेगळे झाले. ड्रॅगनांनी स्वातंत्र्य घेतले आणि माणसांनी वस्तू व विद्या. मांत्रिकांनी मग कराराविरुद्ध ड्रॅगनांच्या पश्चिमेकडील भूमीचा एक भाग मंत्रांनी तोडून घेतला आणि तेथे मृत्यूनंतर आपली नावे अबाधित राहावीत म्हणून भिंत बांधली. भिंत उभी राहताच आतला वारा पडला, झरे आटले. नावे राहिली, बाकी काही राहिले नाही.

कादंबरीच्या अखेरीस ती भिंत पाडली जाते. मृत बाहेर पडतात आणि प्रकाशात, वाऱ्यात विरून जातात. ज्याला चार पुस्तके अमरत्वाचे दुःखद पण अटळ रूप म्हणून दाखवीत आली, ते एक चोरलेले वतन होते असे पाचव्या कादंबरीत ठरते. आपल्याच विश्वाच्या पायातला एवढा मोठा दगड काढून घेण्याचे धाडस मालिकाकार क्वचितच करतात. टिकणे आणि अमर होणे या दोन गोष्टी मुळात परस्परविरोधी आहेत, हा या मालिकेचा गाभा येथे प्रथम पूर्णपणे उघड होतो. आणि तो लेखिकेला सुरुवातीलाच ठाऊक होता असे मानण्याला आधार नाही. तेहतीस वर्षांच्या लेखनातून तो तिला सापडला. पहिल्या त्रयीवर समाधान मानणारा वाचक जी सुबकता जपू पाहतो, तिच्यात हा शोध नाही.

येथे इतर प्रतिसृष्टींकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. सी. एस. लुईस यांनी 'द लास्ट बॅटल' (१९५६) या सातव्या पुस्तकात नार्निया स्वतःच नष्ट करून टाकले. तारे खाली येतात, दार बंद होते. परिणामी नार्नियाला उत्तरकथा शक्य राहिली नाही, फक्त पुनर्वाचन शक्य राहिले. टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'च्या एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या. २०१५ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार अपूर्ण लेखन असलेली संगणकाची हार्ड डिस्क ऑगस्ट २०१७ मध्ये डॉर्सेट परगण्यातील वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत रस्ता दाबणाऱ्या जुन्या रोलरखाली चिरडण्यात आली. विनोदी लेखकाला साजेसाच हा विधी होता, पण त्यातला निश्चय विनोदी नाही. याच्या उलट, रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये 'द व्हील ऑफ टाइम' अपुरी ठेवून गेले तेव्हा त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी आणखी तीन खंड लिहून ती २०१३ मध्ये पूर्ण केली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला. दूरचित्रवाणीवरील तिचे रूपांतर २०१९ मध्ये लेखकाच्या आधीच शेवटाला जाऊन पोहोचले. विश्व कर्त्याच्या पुढे धावल्याचे हे उदाहरण मनोरंजक आहे, परंतु वाङ्मयीनदृष्ट्या त्यात फार रेंगाळण्यासारखे नाही.

टोल्कीन यांचे प्रकरण वेगळे आणि मराठी अभ्यासकाला विशेष जवळचे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची उत्तरकथा त्यांनी आरंभिली होती, पण काही पानांवर ती सोडून दिली. १९७३ मध्ये ते वारल्यावर त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी 'द सिल्मरिलियन' (१९७७) संपादून काढले, आणि त्यानंतर १९८३ ते १९९६ या काळात मिडल-अर्थच्या हस्तलिखितांचा इतिहास बारा खंडांत प्रसिद्ध केला. पाठांची तुलना, खाडाखोडींचा क्रम, एकाच कथेची चार-पाच रूपे हा त्या खंडांचा विषय. पुत्राने नवी कथा रचली नाही, होती तिचा पाठ शोधला. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे कार्य शके १५०६ मध्ये पूर्ण करताना एकनाथांनी, जो कोणी यात आपली मराठी ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, अशा अर्थाचा इशारा दिला होता. संपादक आणि क्षेपककार यांच्यामधली ही रेषा आपल्या परंपरेने चारशे वर्षांपूर्वी आखलेली आहे. मात्र तीच परंपरा दुसऱ्या बाजूला रामकथा आणि पांडवकथा यांना शेकडो हातांनी वाढू देत होती, आणि त्याबद्दल कोणाला नरोटीची आठवण झाली नाही. ज्ञानेश्वरी हा एका कर्त्याचा ग्रंथ, रामकथा हे एक विश्व. ग्रंथ शुद्ध राहून टिकतो. विश्व अशुद्ध होत टिकते. आधुनिक मालिका ही एकाच वेळी ग्रंथही आहे आणि विश्वही, हीच तिची अडचण.

तिच्यात भर घालतो तो कायदा. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे १९६८ च्या पहिल्या पुस्तकावरील स्वामित्वहक्क २०६३ अखेरपर्यंत राहतो. तोवर अर्थसीत कोणाला प्रवेश द्यावयाचा हे वारसदार आणि प्रकाशक ठरविणार. रामकथेला असे दार नव्हते. अनुमतीने होणाऱ्या रूपांतरांचा अनुभव मात्र उत्साहवर्धक नाही. अर्थसीतील बहुसंख्य माणसे सावळी, तांबूस किंवा काळी आहेत. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. गोरे आहेत ते कार्गाद प्रदेशातील लोक. १९६८ च्या अमेरिकेत हा लेखिकेने विचारपूर्वक केलेला बदल होता. २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर जे रूपांतर आले त्यात गेडसह बहुतेक पात्रे गोरी झाली, आणि ले ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला. बेटांची नावे तीच होती, रोक होते, गेड होता. नावे तेवढी उरली होती. 'द अदर विंड'मधील भिंतीपलीकडचा प्रदेश ज्याने वाचला आहे त्याला या प्रकाराचे वर्णन अन्य शब्दांत करण्याची गरज पडू नये. उलट, दोन वर्षांनी जपानमध्ये गोरो मियाझाकी यांनी केलेल्या चित्रपटाविषयी लेखिकेची भूमिका अशी होती की, तो तिचा ग्रंथ नव्हे, तो त्यांचा चित्रपट आहे. ही प्रशंसा नव्हती; पण निराळ्या निर्मितीला निराळी म्हणण्याचा उदारपणा तिच्यात होता.

आपल्या वाङ्मयेतिहासात 'अद्भुतरम्य' ही संज्ञा एका टप्प्याची म्हणून शिकविली जाते. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' इत्यादी कादंबऱ्या, मग हरिभाऊंचा उदय, मग वास्तववाद, आणि अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात. या क्रमामुळे अद्भुतकथेला वयात न आलेल्या वाङ्मयाचा शिक्का बसला तो बसलाच. शिवाय कलाकृती ही स्वयंपूर्ण, सेंद्रिय आणि पूर्ण घडलेली वस्तू होय, या कल्पनेवर आपल्या विद्यापीठीय समीक्षेच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. त्या कल्पनेने पुष्कळ चांगले काम केले, हे मान्य करावेच लागेल. बोधवादाच्या जाचातून कवितेला तिने सोडविले. पण जी कृती तेहतीस वर्षे घडत राहते, मध्येच स्वतःची साक्ष फिरविते, आणि पाचव्या कादंबरीत पहिल्या पुस्तकाचा अर्थ पालटते, तिच्यापुढे ही मोजपट्टी निरुपयोगी ठरते. १९६८ चे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आज कोणते पुस्तक आहे? त्यातील मृतांच्या प्रदेशाचे वर्णन २००१ नंतर वाचणारा ते नैसर्गिक वास्तव म्हणून वाचेल की चोरीच्या जमिनीचे वर्णन म्हणून? दोन्ही वाचने संहितेत बसतात. संहिता तीच आहे, एक शब्दही बदललेला नाही.

या प्रश्नाचा पिच्छा पुरविणारी समीक्षा मराठीत व्हावी, असे वाटण्याचे कारण केवळ एक इंग्रजी मालिका नाही. पुराणकथांचा अखंड वाढणारा विस्तार, कीर्तनातील आख्याने, लोककथांची रूपांतरे ही सामग्री ज्या भाषेपाशी आहे, तिच्यापाशी कल्पित विश्वाच्या आयुर्मानाविषयी सांगण्यासारखे काही असलेच पाहिजे. ही सामग्री लोकसाहित्याच्या दालनात ठेवून आणि मालिकावाङ्मय रंजनाच्या दालनात ठेवून दोहोंमधले दार आपणच बंद केले आहे.

ले ग्विन २२ जानेवारी २०१८ रोजी ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड येथे वारल्या. त्याच वर्षी, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह अर्थसीच्या साऱ्या कथा एका मोठ्या ग्रंथात आल्या. लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेली 'फायरलाइट' ही छोटी कथा त्यात आहे. म्हातारा गेड गाँट बेटावरील घरात अंथरुणाला खिळला आहे, तेनार जवळपास आहे. कथेत युद्ध नाही, ड्रॅगन येऊन सोडवीत नाही, कोणाला जगही वाचवावयाचे नाही. गेड मरतो, आणि त्याच्या वाटेत आता ती भिंत नाही. रोकमध्ये पुढे काय झाले, तेथे मुली शिकू लागल्या काय, राजा लेबानेनच्या मागे कोण आले, हे लेखिकेने कोठेही लिहून ठेवलेले नाही.